एकशे बारावी गाठ

१

सोमवारी सकाळी मार्था तुस्कानो माझ्या दारात आली, तेव्हा तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक तिची, एक नवऱ्याची. मार्था म्हणजे चर्चमध्ये मिस्सेला जाताना साडीची घडी तीनदा बघणारी बाई. मी हातातलं पीठ तसंच ठेवलं.

"फ्लॉसी, सहावा भाग गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे नाही! सगळं घर उलथंपालथं केलं. चौदाच्या चौदा वह्या नाहीत. हे खुर्चीत बसून रडतायत गं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं."

मी पिठाचे हात पदराला पुसले.

आता तुम्हाला सांगायला हवं. मी फ्लॉसी रुमाव. एकोणतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता दुपारी आमच्या गिरीज गावचं वाचनालय उघडते. तोंडाने फटकळ आहे. गावात कोणीही सांगेल, न विचारताही सांगेल. मार्थाचे 'हे' म्हणजे रुडॉल्फ सर, आमच्याच शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले आणि लोक केळीची बाग बघतात तसं ह्यांनी एक आख्खं राज्य वसवायला घेतलं. 'खारराज्याची गाथा'. मिठाचे किल्ले, बोलणारी कासवं, सात पिढ्यांचं वैर. पाच भाग छापून झाले. डहाणूपासून कोल्हापूरपर्यंत लोक वेड्यासारखे वाचतात आणि सहाव्याची, शेवटच्या भागाची, वाट बघतात.

सहावा लिहिता लिहिता सरांच्या डोळ्यांत काचबिंदूने घर केलं. तीन वर्षं जाड पेनाने, अंगठ्याएवढं अक्षर काढून त्यांनी चौदा वह्या भरल्या. दुसरी प्रत नाही. टायपिंगला जाईपर्यंत कोणी एक ओळ बघायची नाही, हा सरांचा नियम. आता तर त्यांना समोरच्या माणसाचं नाक दिसत नाही.

म्हणजे ह्या वह्या सापडल्या नाहीत, तर खारराज्याचा शेवट कोणालाच कधीच कळणार नव्हता. आणि तो माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठला असता असं मला वाटत नव्हतं.

"चल," मी म्हणाले, "आधी माझ्या चपला घाल."

२

सर पडवीतल्या खुर्चीत बसले होते. माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली.

"फ्लॉसी, चोराला सांग, बाकी काहीही ने. टीव्ही ने."

"टीव्ही पंधरा वर्षांचा आहे सर, चोर नाही म्हणेल. वह्या ठेवल्या कुठे होत्या?"

"आल्ताराखाली. शनिवारी संध्याकाळी पिशवीत घालून मीच ठेवल्या. प्रत्येक भाग मेलिसाकडे टायपिंगला द्यायच्या आधी मी दोन रात्री आल्ताराखाली ठेवतो, तुला माहीत आहे."

माहीत होतं. दिवाणखान्यातल्या आल्ताराखाली, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्याखाली, एक फडताळ आहे, पडदा लावलेलं. पडदा बाजूला केला. आत मेणबत्त्यांचा पुडा आणि धूळ.

"रविवारी कोण कोण आलं?"

मार्थाने बोटांवर मोजलं. सकाळी पाचूबंदरहून काशीराम मांदेली घेऊन आला. दर रविवारी येतो, सरांशी गाथेवर तासभर भांडतो. दुपारी सरांची भाची मेलिसा चंदनसारहून जेवायला आली. संध्याकाळी रेमंड डिमेलो आला, चहा प्याला, परवाच्या राखेच्या बुधवारासाठी घरातल्या जुन्या झावळ्या घेऊन गेला.

"तू प्रत्येकाला जाताना बघितलंस?"

"मी कशी बघणार? दिवसभर स्वयंपाकघरात. मेलिसा जाताना पिशवी जड होती एवढं आठवतं. हे होते बाहेर."

"आणि मला दिसतं कुठे?" सर म्हणाले.

तिघं. आणि तिघंही माझ्या वाचनालयातले, गाथेचे कट्टर वाचक.

आता इथे मला एक कबुली द्यायला हवी. पंधरवड्यापूर्वी वाचनालयात मीच एक उपद्व्याप केला होता. सहावा भाग यायच्या आधी प्रत्येकाने पाच भाग आपापल्या आवडीच्या क्रमाने लावायचे, चिठ्ठीवर लिहायचे आणि वाचून दाखवायचे. दरवर्षी करतो तसंच. पण ह्या वेळी सर स्वतः येऊन बसले होते. आणि दरवर्षीप्रमाणे जवळजवळ सगळ्यांनी दुसरा भाग, 'शंखशिळा', तळाला टाकला. त्या भागात रांगा नावाचा म्हातारा नावाडी खडकावर बसून जाळं विणतो. बुडालेल्या प्रत्येक नावेसाठी एक गाठ. विणतो, विणतो, आणि बाकी काही घडत नाही.

रेमंड उठून म्हणाला, "दुसरा भाग म्हणजे चारशे पानांची डुलकी!"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

सर काठी आपटून उभे राहिले. "तुमच्यासाठी सहावा लिहिला हा माझाच गाढवपणा! राखेच्या बुधवारी जाळून टाकतो सगळा!" आणि तरातरा निघून गेले. दाराऐवजी कपाटावर आदळले, म्हणून ते जाणं तितकंसं रुबाबदार झालं नाही.

म्हणून मी मार्थाला म्हणाले, पोलीस नकोत. मी बघते. सरळ विचारलं तर तिघंही कानांवर हात ठेवतील. त्यापेक्षा मी सगळ्यांना सांगेन, त्या दिवशीच्या गोंधळात चिठ्ठ्या हरवल्या, पुन्हा क्रम लिहून द्या. पुस्तकांबद्दल बोलताना माणूस तोंडावर झाकण ठेवायला विसरतो.

चिठ्ठ्या हरवल्या नव्हत्या. बिस्किटांच्या डब्यात होत्या. मी काही हरवत नाही.

३

रेमंड चर्चच्या मागे सापडला. धूर दिसला म्हणून गेले. तसा तो विजेची कामं घेतो, पण चर्चमधले दिवे, माइक, पंखे, फुलदाण्या, सगळं हौसेने तोच बघतो. लोखंडी घमेल्यात गावभरच्या वाळक्या झावळ्या जाळत बसला होता. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेल्या, वर्षभर क्रुसामागे खोचलेल्या. त्यांचीच राख बुधवारी कपाळाला लागते.

"डोळे किती लाल झालेत तुझे!"

"धूर, टीचर."

मी चिठ्ठीचं सांगितलं. स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्याने झरझर लिहिलं. मी वाचलं. दोन, पाच, एक, चार, तीन. आणि दोनच्या पुढे कारण: 'एकशे बारावी गाठ.'

"अरे! चारशे पानांची डुलकी एकदम पहिली?"

"माणसाचं मत बदलतं, टीचर." तो काडीने राख ढवळत राहिला. "मी त्या दिवशी बोललो ते चुकलंच. फार चुकलं."

"सरांच्या वह्या गेल्यात, कळलं ना?"

"कळलं. मार्थाबाय सगळ्यांना विचारत फिरतायत." मग हळूच म्हणाला, "सर काय म्हणतात?"

"काय म्हणणार? रडतायत."

रेमंडने मान वर केली. "रडतायत? खरंच?"

"नाही, नाचतायत! काय विचारतोस?"

"नाही... म्हणजे..." तो पुन्हा घमेल्याकडे वळला. "बुधवार जाऊ दे. मग मी येतो सरांना भेटायला."

सण नाही, लग्न नाही, बुधवार कशाला जायला हवा? पण धुराने माझाच घसा धरला, मी चिठ्ठी पिशवीत टाकली आणि निघाले. इथे मी मूर्खपणा केला. तुम्ही करू नका.

४

रिक्षा करून पाचूबंदरला गेले. काशीराम आता समुद्रावर जात नाही. किनाऱ्यावर सावलीत बसून लोकांची जाळी दुरुस्त करतो. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "लिव टीचरबाय. दोन, एक, पाच, चार, तीन. मागच्या सालीबी हेच, त्याच्या मागच्या सालीबी हेच."

"सगळ्या गावाला दुसरा आवडत नाही, तुम्हालाच बरा आवडतो?"

"गावाला जाळं कुटं कलतं? मास्तरने ल्हिवलं ते बरोबर हाय. सूत कसं धरायचं, गाठ कशी मारायची, सगलं बरोबर." त्याने सुई थांबवली. "पन एक खोट हाय. रांगाच्या गाठी मी मोजल्या. एकशे अकरा. पाची भागांत येकशे अकराच. टोकाची गाठ कोन मारनार? ती नाय मारली तर पान्यात पडल्यावर सगलं जाळं उसवतं. मी मास्तरला इचारलं, तर म्हनाला थांब काशीराम, सहाव्यापर्यंत थांब."

"धीर धरवला नाही म्हणून वह्या उचलल्यात काय?"

शेवटी सरळच विचारलं मी. असंच आहे माझं.

काशीराम चिडला नाही. "टीचरबाय, मना वाचाला दोन म्हयने लागतात एक भाग. बोट ठेवून वाचतो. चौदा वह्या चोरून मी मरेपर्यंत काय करू?" मग त्याने पुन्हा सुई उचलली. "मास्तरचा जीव हाय त्याच्यात. शोध बाय. मी नवस बोललोय."

परत आले तर मेलिसा वाचनालयाच्या पायरीवर बसलेली. कंपनीत घरूनच काम करते, लॅपटॉप मांडीवर. तिनेही चिठ्ठी दिली: पाच, एक, चार, तीन, दोन. जुनीशी जुळवली, अक्षरही बदललं नव्हतं.

"रविवारी तुझी पिशवी जड होती म्हणे?"

"केळी होती! मामीने अर्धा घड भरला होता." आणि ती एकदम रडायलाच लागली. "टीचर, मी मामांना महिनाभर सांगत होते, पानांचे फोटो तरी काढू द्या. डोळे मिटून काढते म्हटलं! तर म्हणाले, नियम म्हणजे नियम. मीच ऐकायला नको होतं त्यांचं."

घरी येऊन मी तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. तिघांपैकी कोणी खोटं बोलतंय असं वाटेना. झोपही लागेना.

५

मंगळवारी सकाळी सरांकडे गेले. सांगण्यासारखं काही नव्हतं, पण न जाणं बरं दिसलं नसतं. सर त्याच खुर्चीत होते. समोरची पेज गार झाली होती.

"सर, दोन घास खा."

"फ्लॉसी, काल मी पहिलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला," ते म्हणाले. "पहिलं वाक्य आठवलं. दुसरं नाही."

मी उठून पडवीच्या टोकाला गेले. तिथे केरसुणीच्या वर खुंटीला एक कापडी पिशवी लटकत होती आणि तिच्या तोंडातून वाळकं, पिवळं पातं बाहेर आलं होतं. मी ते ओढलं. झावळीचा विणलेला छोटा क्रूस हातात आला.

"मार्था, ही पिशवी कसली?"

मार्था आतून आली. "झावळ्या त्या. आल्ताराखाली होत्या. शनिवारी ह्यांनी वह्या ठेवल्या ना, म्हटलं झावळ्यांचा कचरा वह्यांवर पडेल, म्हणून काढून इथे..."

ती खुंटीकडे बघत राहिली.

"झावळ्या तर रेमंडने नेल्या," मी म्हणाले.

मग सरांचा आवाज आला, फार बारीक. "माझ्या डोक्यात झावळ्यांचीच पिशवी होती. मी त्याला म्हटलं, आत जा. आल्ताराखालची पिशवी घे आणि जाळ."

मार्थाने तोंडावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे काल दुपारचं घमेलं आलं. काळी राख, आणि ती काडीने ढवळणारा रेमंड.

६

मार्था भिंतीला टेकून खाली बसली. सर नुसते "बरं" म्हणाले. दोनदा म्हणाले.

मी मात्र चिडले. मला रडण्याआधी चीड येते, स्वभाव आहे. म्हटलं, चौदा वह्या! झावळ्यांची पिशवी पिसासारखी हलकी, वह्यांची उचलताना खांदा निखळेल. रेमंडला कळलं नाही? आणि कळलं असेल तर त्याने आत बघितलं नसेल? बघितलं असेल तर...

माझ्या पिशवीत तिन्ही चिठ्ठ्या होत्या. रेमंडची काढली. पुन्हा वाचली. आणि काशीरामचा आवाज कानांत वाजला.

"सर," मी म्हणाले, "रांगाच्या जाळ्याला गाठी किती?"

"आता कशाला विचारतेस?"

"किती ते सांगा!"

"एकशे अकरा."

"पाच भागांत कुठेही एकशे बारावी येते?"

"नाही." सर सावकाश ताठ बसले. "ती सहाव्यात आहे. शेवटच्या वहीत. ते मी मार्थालासुद्धा सांगितलेलं नाही. फ्लॉसी, तुला कोणी सांगितलं?"

माझा जीव भांड्यात पडला, आणि असा पडला की मी मोठ्याने हसले. मार्थाला वाटलं माझं डोकं फिरलं.

"जळलेलं पुस्तक कोणी वाचू शकत नाही, मार्था! उठ, पेज गरम कर!"

मी रेमंडला फोन लावला. "एकशे बारावी गाठ घेऊन ये," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

सात मिनिटांत स्कूटर दारात. रेमंड पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून आला. ती त्याने सरांच्या मांडीवर ठेवली. सरांनी आत हात घातला आणि वह्या मोजल्या. बोटांनी, एकेक. चौदा.

"आता बोल," मी म्हणाले. "पिशवी उचललीस तेव्हाच कळलं ना?"

"कळलं. उघडून बघितली. मग आठवलं, राखेच्या बुधवारी जाळून टाकतो म्हणाले होते. आणि सर स्वतः म्हणाले, आल्ताराखालची पिशवी घे आणि जाळ. मला वाटलं, मी त्या दिवशी डुलकी म्हणालो म्हणून..." तो सरांच्या खुर्चीजवळ खाली बसला. "माझ्यामुळे जाळतायत. मग मी कसा जाळू? आणि परत केली असती तर दुसऱ्या कोणाकडून जाळून घेतली असती. म्हटलं बुधवार जाऊ दे, राग उतरेल, मग देईन."

"अरे, आणि मी चोरी झाली म्हणून सगळ्या गावाला सांगत होते ते?" मार्था ओरडली.

"मला वाटलं, सरांनी तुम्हाला खरं सांगितलं नसेल. घाबरून."

"मी हिला घाबरतो हे खरं आहे," सर म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा ते त्यांच्यासारखे बोलले.

"मग नुसती लपवून ठेवायचीस," मी म्हणाले. "वाचलीस कशाला?"

रेमंडने खाली मान घातली. "पहिलं पान बघितलं, टीचर. मग रात्रभर बसून सगळ्या वाचून काढल्या. काल रात्री पुन्हा पहिल्यापासून. डोळे धुराने लाल नव्हते. आणि सर, दुसरा भाग मला कळलाच नव्हता हो. चारशे पानं तो म्हातारा का बसून राहिला ते आत्ता कळलं. एकशे बारावी गाठ रांगा कोणासाठी मारतो ते वाचलं तेव्हा मी..."

"तोंड बंद!" मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "आम्ही वाचलेलं नाही!"

सर त्याच्या आवाजाकडे तोंड करून बसले होते. "म्हणजे दुसरा भाग कितवा, रेमंड?"

"पहिला, सर."

"पुन्हा सांग."

"पहिला."

सरांनी हात पुढे केला, आणि चाचपडत रेमंडचं डोकं शोधून त्याच्यावर ठेवला. मग म्हणाले, "मार्था, मेलिसाला फोन लाव. म्हणावं फोटो काढ, डोळे उघडे ठेवून काढ. नियम गेला खड्ड्यात. आणि ह्या गाढवाला पेज दे." काशीरामला मी स्वतः फोन केला. तो पलीकडून म्हणाला, "नवस फेडावा लागंल आता."

जाताना रेमंड खुंटीवरची झावळ्यांची पिशवी घेऊन गेला. मी तिचं तोंड उघडून आत तीनदा बघितलं, मगच सोडलं.

बुधवारी मिस्सेला सर आले, मार्थाचा दंड धरून. फादरांनी सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. सर बाकावर येऊन बसले. त्यांनी बोटाने कपाळाची थोडी राख घेतली, नाकाशी धरली, आणि मागच्या बाकाकडे वळून चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "रेमंड, नुसत्या झावळ्याच ना रे?"

"नुसत्या झावळ्या, सर," मागून उत्तर आलं.

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कोणी हसत नाही. सर हसले. मार्थाने त्यांना कोपर मारलं, आणि मग तीही हसायला लागली.